शुअर एसएम ५८ : स्पर्धेनंतर घेतलेला माईक, बारा वर्षांनंतर

हा माईक मी २०१३ च्या चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी घेतला. आज बारा वर्षं झाली, अजून तोच वापरते. जाळीला दोन ठिकाणी पोचे आलेत. दांड्याचा काळपट राखाडी रंग माझा अंगठा टेकतो तेवढ्या जागी घासून गेलाय. देवळांचे मंडप, लग्नाचे हॉल, किनाऱ्यावरची हॉटेलं, मडगावच्या दिंडीतली रस्त्यावरची बैठक, घरातली शिकवणीची खोली, सगळीकडे मी याच्यावर गायले आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचे आईवडील माईक कोणता घ्यावा म्हणून विचारतात, आणि यंदा दोघी विद्यार्थिनी टीव्हीच्या स्पर्धेच्या ऑडिशनला जायचं म्हणतायत. तोंडी सांगून झालं, आता नीट लिहून ठेवते.

माईकबद्दल लिहायचं तर आधी स्पर्धेबद्दल लिहायला हवं. ती स्पर्धा झाली नसती तर गायिकेकडे स्वतःचा माईक असावा लागतो हे मला कळलंच नसतं.

२०१२ मध्ये एका मराठी वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत मी शेवटच्या सहांत पोचले. वय एकवीस. फोंडा तालुक्यातलं गाव, घरात भजन, आजोबा घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवायचे, माझी विशारदची परीक्षा व्हायची होती. मुंबईत शूटिंगला गेलं की एका दिवसात दोन-दोन भाग व्हायचे, रात्री दोनला मेकअप उतरायचा. पण गाण्याच्या बाबतीत तिथे काही कमी नव्हतं. पट्टी ठरवायला एक माणूस, उच्चार बघायला दुसरा, मागे पंधरा वाद्यं, आणि कानात इन-इअर, म्हणजे माझाच आवाज मला हवा तेवढा कानात. घरोघरी जे ऐकू जायचं त्यावर नंतर आणखी हात फिरलेला असायचा. ध्रुवपद आणि एक अंतरा, दोन-अडीच मिनिटं. तेवढ्यात वरचा पंचम, एक तान, एक लांब दम, सगळं दाखवून मोकळं व्हायचं. मला ते जमायचं. परीक्षक खूश असायचे.

परत आले तेव्हा गोव्याने डोक्यावर घेतलं. फोंड्याच्या बाजारात माझ्या फोटोचे फलक लागले होते. पहिल्या तीन महिन्यांत तेवीस सत्कार झाले. आईने शाली मोजून ट्रंकेत ठेवल्या, म्हणून आकडा पक्का आहे. त्या माणसांचं प्रेम खरं होतं आणि आजही मला त्याची जाणीव आहे. पण सत्काराची वेळ आणि माझ्या रियाजाची वेळ एकच, संध्याकाळची. तेवीस शाली आल्या त्या काळात माझ्याकडे एकही नवी चीज आली नाही.

मग फेब्रुवारीत एका देवळाच्या जत्रेत माझ्या नावाचा पहिला पूर्ण कार्यक्रम ठरला. तीन तास, अठरा गाणी. ध्वनियंत्रणा गावातल्याच एकाची, माईक त्याचाच, तोंडाजवळ नेला की आधीच्या पाचशे माणसांच्या थुंकीचा वास. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, बाजूला कुठेतरी लावलेला. इको इतका की शब्द संपायच्या आत मागचा शब्द परत यायचा. तिसऱ्या गाण्यापर्यंत निभावलं. चौथ्यापासून मला माझा आवाज ऐकू येईना. ऐकू येत नाही म्हणून मी जोर लावला, जोर लावला म्हणून सूर चढू लागला, माईक दोन्ही हातांत घट्ट धरला तर शिट्टी मारायला लागला. अकराव्या गाण्याला गळा बसला. राहिलेली सात गाणी सोबतच्या गायकाने ओढून नेली. उतरताना खुर्चीवरची एक वयस्कर बाई शेजारणीला म्हणाली, ''टीव्हीर बरें गायताली गे ही.'' चेष्टा करत नव्हती. तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी तबल्याच्या साथीला असलेले काका घरी आले. चाळीस वर्षं संगीत नाटकांना आणि भजनाला वाजवलेला माणूस. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, ''बाय, तुझ्या आवाजाला काही झालेलं नाही. तिथे तुला दोन मिनिटं पळायला शिकवलं. हांगा तीन तास चालायचं आहे, आणि चालायला स्वतःची चप्पल लागते.'' मग वहीत लिहून दिलं: माईक स्वतःचा, वायर स्वतःची, तानपुरा स्वतःचा, आणि प्रत्येक गाण्याची पट्टी व ठेका लिहिलेली वही. ती वही अजून आहे. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरातली ही चार कलमं.

त्या वर्षी अरिजित सिंगचं गाणं कोपऱ्याकोपऱ्यावर वाजत होतं. मी त्याच्याबद्दल वाचायला लागले. हा मुलगा २००५ साली 'फेम गुरुकुल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत होता, आणि जिंकला नव्हता. तिथून २०१३ पर्यंतच्या वर्षांत बराच काळ तो स्टुडिओत संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रामिंग करत होता, गाणं जोडतात कसं ते शिकत होता. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर २००८-०९ च्या 'लिटिल चॅम्प्स'मधली पाच मुलं: कार्तिकी, प्रथमेश, आर्या, मुग्धा, रोहित. जिंकली कार्तिकी, पण आज पाचही जणांची नावं लोकांना पाठ आहेत, आणि २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात ती पाच जणं परीक्षणाच्या खुर्चीवर होती. मधल्या बारा वर्षांत त्यांनी शिकणं सोडलं नाही हे त्यांचं गाणं ऐकलं की कळतं. निकालाच्या रात्री काय झालं यापेक्षा पुढच्या दहा वर्षांत रोज सकाळी काय झालं हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं ते तेव्हापासून.

तर माईक. काकांनी नाव सांगितलं होतं, शुअर एसएम ५८. अमेरिकेतल्या कंपनीने १९६६ साली हा बाजारात आणला आणि त्याचं रूप तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, पण जगभर तो स्टेजवरच जास्त दिसतो. तुम्ही कुठल्याही गायकाच्या हातात गोल रुपेरी जाळीचा, बटण नसलेला माईक बघितला असेल तर बहुधा हाच, किंवा याची नक्कल.

नक्कल हा शब्द मी अनुभवाने लिहिते. माझा पहिला माईक नकली होता. शेजारच्या राज्यातल्या एका शहरात, एका दुकानात, दोन हजार दोनशे रुपयांना मिळाला. खोका तोच, अक्षरं तीच, पाउचही तसंच. दुकानदार म्हणाला, थेट माल येतो म्हणून स्वस्त. मी विश्वास ठेवला. दोन कार्यक्रमांत आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायला लागला, आणि हात थोडा हलला तरी खरखर. एका हॉलवरच्या साउंडवाल्याने तो हातात घेतला, नुसता तोलला आणि म्हणाला, ''हा हलका आहे.'' मला पटेना. घरी येताना आमच्या नेहमीच्या काजूच्या दुकानात थांबले आणि इलेक्ट्रिक काट्यावर ठेवला. २५४ ग्रॅम. खऱ्याचं वजन कंपनी २९८ ग्रॅम सांगते. काजूवाल्याने विचारलं, ''हें कितें, बाय?'' मला रडू यायचं बाकी होतं. दोन हजार दोनशे ही तेव्हा आमच्या घरात लहान रक्कम नव्हती.

दुसरा अधिकृत विक्रेत्याकडून घेतला, बिलासकट. त्या वेळच्या माझ्या एका कार्यक्रमाच्या पूर्ण मानधनात तो आला. आजही स्वस्त नाही. पहिली गोष्ट काय केली असेल तर त्याच काट्यावर जाऊन वजन केलं. २९८. काजूवाल्याने यावेळी काही विचारलं नाही, मूठभर काजू हातावर ठेवले.

नकली माईकमध्ये पैसे घालवायचे नसतील तर एवढं करा: अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन घ्या. निम्म्या किमतीत कुणी खरा देत नाही.

आता वापराबद्दल. हा डायनॅमिक जातीचा माईक आहे. आत एक पातळ पडदा, त्याला तारेचं वेटोळं, आणि ते चुंबकाच्या पोटात हलतं. बॅटरी लागत नाही, साउंडच्या मिक्सरवरून वीज सोडावी लागत नाही. तीन पिनांची कॅनन वायर लावली की झालं. आमच्याकडच्या जत्रेत रात्री बाराला जनरेटरवर लोड आला की दिवे मंद होतात, वायरलेसवाल्यांची तारांबळ उडते. वायरवाला मी कधी सोडला नाही त्याचं एक कारण हे. हॉटेलात गेले की तिथला मुलगा नम्रपणे म्हणतो, ''मॅडम, आमच्याकडे कॉर्डलेस आहे, फिरता येईल.'' मला फिरायचं नसतं. मला बसून किंवा उभं राहून गायचं असतं, आणि दहा मीटर वायर पुष्कळ होते.

तो समोरचं ऐकतो, बाजूचं कमी, आणि अगदी मागचं सर्वांत कमी. ऐकण्याची ही कक्षा हृदयाच्या आकाराची असते म्हणून त्याला कार्डिऑइड म्हणतात. हे एकदा डोक्यात बसलं की जत्रेत काय चुकलं होतं ते समजतं. मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे माझ्या समोर, माझ्या तोंडाकडे बघत असायला हवा. त्या दिवशी तो बाजूला होता. त्यात मी जाळी मुठीत धरली. जाळीच्या मागच्या अंगाने आत जाणारी हवा बंद केली की माईक बाजूचं आणि मागचंही तेवढंच ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. टीव्हीवर रॅपवाली मुलं जाळी मुठीत धरतात, ते बघून आमच्याही मुली धरतात. धरू नका. हात दांड्यावर, जाळीच्या खाली चार बोटं.

जवळ नेला की खर्ज वाढतो, लांब नेला की पातळ होतो. मी यावरच सहा महिने घालवले. रोज सकाळी मिक्सरला छोटा स्पीकर जोडून खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि एकच अभंग दोन बोटं, चार बोटं, एक वीत अशा अंतरांवरून गायचे. मंद्र सप्तकातल्या ओळीला जवळ, तार षड्जाला हात आपोआप लांब. टीव्हीवर हे काम मिक्सरवर बसलेला माणूस करायचा आणि मला वाटायचं माझा आवाजच तसा आहे. आता हात करतो. अठराव्या गाण्याला गळा ताजा राहण्यात अर्धा वाटा या हाताचा आहे असं मी मानते. गळ्याने जोर लावायच्या ऐवजी माईक जवळ घ्यायचा, एवढं साधं आहे ते, पण अंगात मुरायला वेळ जातो.

मराठी गाणाऱ्याला हा माईक मानवतो असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या आवाजात चार-पाच हजार हर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडा उठाव दिलेला आहे. आपले च, स, श, ट तिथे उमटतात. नाट्यपदात शब्द गेला तर सगळंच गेलं. आमच्याकडे जत्रेच्या नाटकाला बसलेला प्रेक्षक अख्खं पद सोबत म्हणत असतो, तो एक अक्षर गाळलेलं सोडत नाही. उलट प, फ, भ यांच्या वाऱ्याने जो फट्‌ आवाज होतो तो जाळीच्या आतल्या फोममुळे बराच अडतो. पूर्ण नाही. 'पंढरी' म्हणताना मी अजून माईक ओठांसमोरून किंचित हनुवटीकडे घेते.

घ्यायला गेलात तर बटणवाला आणि बिनबटणाचा असे दोन प्रकार दिसतील. बिनबटणाचाच घ्या. भर कार्यक्रमात चुकून अंगठा बटणावर गेला की पहिली ओळ गेली.

हा माईक कशाला नाही, तेही सांगायला हवं. शांत खोलीत, फक्त तानपुऱ्यावर, विलंबित आलापातली बारीक हरकत नि श्वासाची सळसळ टिपायची असेल तर ते काम कंडेन्सर माईकचं, म्हणजे बारीकसारीक आवाजही पकडणाऱ्या नाजूक जातीच्या माईकचं. डायनॅमिकला मिक्सरवर गेन, म्हणजे आवाजाची उचल, जास्त द्यावी लागते आणि नाजूक टोकं तो तितक्या बारकाईने दाखवत नाही. स्टेजचा माईक आहे, त्याच्याकडून स्टेजचंच काम घ्यावं. जवळच्या पखवाजाचा, पाच फुटांवरच्या स्पीकरचा, फटाक्यांचा गोंधळ जो माईक बाहेर ठेवतो त्याच्याकडून श्वासाची सळसळ मागणं बरोबर नाही.

पडला का? पडला. एका शिगम्यात, म्हणजे आमच्या होळीच्या सणात, चार फूट उंचीच्या मंचावरून लाद्यांवर. जाळी चेपली, तिथलाच हा मोठा पोचा. उचलला, ''हॅलो'' म्हटलं, चालू. जाळी फिरवून निघते आणि सुटी मिळते, पण मी बदलली नाही. चेपलेल्या जागेवरून माझं बोट अंधारातही माईकची पुढची बाजू ओळखतं.

निगा. गोव्यात यावर बोलायलाच हवं, कारण आमच्याकडे जूनमध्ये भिंतीलाही पाणी सुटतं. दर चार-पाच कार्यक्रमांनंतर जाळी फिरवून काढायची, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रशने घासायची, आतला फोम दाबून धुवायचा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत लावायची नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. पावसाळ्यात मी एक रात्र पंख्याखाली आणि दुसरा दिवस फ्रिजच्या वरच्या उबेवर ठेवते. आतल्या गोल भागाला पाणी लावायचं नाही, कोरडं फडकंही घासायचं नाही. सोबतच्या पाउचमध्ये मी जून ते सप्टेंबर माईक ठेवत नाही. स्टीलचा डबा, तळाशी सिलिका जेलच्या चार पुड्या, वर सुती फडकं. पुड्या महिन्याला बदलते. आतून गंज अजून दिसलेला नाही. कोविडनंतर लोकांना स्वतःच्या माईकचं महत्त्व पटलं. मला त्या पाचशे माणसांच्या वासाने आधीच पटलं होतं.

आता जे मला खरं तर सांगायचं आहे ते. हा माईक पिशवीत आल्यावर माझं काम कसं बदललं.

गोव्यात गायिकेचं वर्ष सणांवर चालतं. श्रावणात भजनं, सप्ताह. मग चवथ. कार्तिकात दिंडी, त्रिपुरीला साखळीच्या विठ्ठलापुरात नदीकाठी गर्दी. तिथून पुढे देवळांच्या जत्रा, थेट शिगम्यापर्यंत, मधे लग्नं, आणि डिसेंबरमध्ये किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी जुनी हिंदी गाणी. प्रत्येक ठिकाणची ध्वनियंत्रणा वेगळी. राजीव गांधी कलामंदिरात किंवा रवींद्र भवनात सगळं व्यवस्थित असतं, गावच्या मंडपात जे असेल ते. पूर्वी मी त्या यंत्रणेच्या हातात असायचे. आता निदान पहिला दुवा माझा असतो. माझा माईक कसा वागतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे साउंडवाल्याला नेमकं सांगता येतं: इको बंद, बेस थोडा कमी, मॉनिटर माझ्यासमोर. सुरुवातीला एक-दोघांना राग आला, काल टीव्हीवर गेली आणि आज शिकवते म्हणून. मी एक तास लवकर जायला लागले, त्यांच्यासोबत वायरी ओढायला लागले, त्यांच्या मुलांची नावं विचारली. आज तालुक्यातले तीन साउंडवाले स्वतःहून माझं नाव आयोजकांना सुचवतात. वाहिनीच्या प्रसिद्धीने जेवढी कामं दिली त्याहून जास्त या तिघांनी दिली आहेत. एकदा एकजण वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ''आयज तुजो आवाज वेगळोच आयलो, बाय.'' तेवीस शालींच्या शेजारी मी हे वाक्य ठेवते.

वाहिनीच्या करारात एक वर्ष बांधलेलं होतं. कुठलाही कार्यक्रम त्यांच्यामार्फत, त्यांचा वाटा काढून. सही करताना वाचलं नव्हतं, बाबांनीही नाही. आनंदात कोण वाचतं? ऑडिशनला जाणाऱ्या मुलींना मी हे सगळ्यांत आधी सांगते: करार घरी आणा, वकिलाला दाखवा, मग सही.

करार संपला तशी मी दोन कामं केली. आल्तिनोच्या टेकडीवर आकाशवाणी पणजीची ऑडिशन दिली आणि सुगम संगीतात 'बी' ग्रेड मिळाली. तिथे इको नाही, प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. आवाज जसा आहे तसा. आणि शिकवणी सुरू केली. आठवड्याला चार दिवस, आज सव्वीस मुलं. महिन्याचं घर शिकवणीवर चालतं, म्हणून कार्यक्रम निवडून घेता येतात. हे सांगायला लाज वाटायचं काही कारण नाही. स्पर्धेनंतर शिकवणी लावली म्हणजे गाणं संपलं, असं आमच्याकडे अजून समजतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

पावसाळ्यात कार्यक्रम थांबले की हाच माईक लॅपटॉपशेजारी येतो. मधे एक ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी छोटी पेटी), खिडक्यांना गोधड्या, पंखा बंद, पावसाची सर ओसरायची वाट बघायची. कौलांवर पाऊस असताना कंडेन्सर माईक अख्खा पाऊस घेतो, हा बऱ्यापैकी माझाच आवाज घेतो. असं करत मी सोहिरोबानाथ आंबिये यांची पदं ध्वनिमुद्रित करायला घेतली. आमच्या गोव्यातल्या पेडणे भागाशी नातं असलेला अठराव्या शतकातला संतकवी. सगळ्यांना पाठ असलेली एक-दोन पदं सोडली तर बाकीची पोथीतच आहेत. त्यांना मी चाली लावल्या. आतापर्यंत नऊ झाली.

यामागे विचार आहे. लोकप्रिय सिनेमागीत मी कितीही छान गायले तरी ते गाणं दुसऱ्याचं. ते इंटरनेटवर चढवलं की लोक ऐकतात, वाहवा मिळते, आणि मालकाने हरकत घेतली की ते उतरतं. संतांचे शब्द कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. चाल माझी, आवाज माझा, ध्वनिमुद्रण माझं. आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते, तिथे संगीतकार म्हणून मी नाव नोंदवलं. पहिल्या वेळी खात्यात ३१२ रुपये आले. त्याची पावती वहीत काकांच्या चार कलमांच्या समोरच्या पानावर चिकटवली आहे. काका तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना दाखवली तर त्यांनी आकडा बघितला नाही, रकान्यातलं माझं नाव दोनदा वाचलं.

तर कुणी घ्यावा? जो महिन्यातून दोनदा तरी लोकांसमोर गातो त्याने. फक्त घरी, मोबाइलवर हौसेने गाणाऱ्याला एवढे पैसे घालायची गरज नाही. लहान मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षी तर मुळीच नको, त्यांना आधी माईकशिवाय खोली भरेल असं गाऊ दे. माईकने आवाज चांगला होत नाही. आवाजात आहे ते पुढे जातं, बेसूरही तितकंच स्पष्ट पुढे जातं. आणि माईकसोबत चांगली वायर घ्या. लोक माईकवर पैसे घालतात आणि वायर दीडशे रुपयांची आणतात, मग खरखर झाली की माईकला दोष देतात. माझी वायर तीनदा बदलली, माईक एकदाही नाही.

परवा ऑडिशनला जाणाऱ्या दोघींतली धाकटी आली. सतरा वर्षांची आहे, आवाज माझ्या त्या वेळच्या आवाजापेक्षा निश्चित चांगला आहे. आठ दिवस माईक घरी नेऊ का, विचारत होती. दिला. काल परत आणला तेव्हा जाळी धुतलेली होती, फोम कोरडा होता, वायर वेटोळी घालून, गाठ न मारता बांधलेली होती. म्हणाली, ''टीचर, वीतभर अंतरावरून तार सा लागतो, पण चार बोटांवर फाटतो.'' मी तानपुरा लावला आणि तिला म्हटलं, लांबून सुरू कर.